रुमालाखाली

सांगलीच्या हळदपेठेत बाबा तोलाईदार होते.
सौद्यात रुमालाखाली दोन हात जायचे,
बोटं बोटांशी काहीतरी बोलायची
आणि वर माणसं सोयरिकीच्या गप्पा मारायची.
कोण कितीवर अडलं, कोण कितीवर आलं,
शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता नसायचा.

मला तो रुमाल हवा होता परवा,
डॉक्टर आवटी दुकानात आले तेव्हा.
दुकान म्हणजे झेरॉक्सशेजारची दहा बाय बारा.
त्यांना दवाखान्यात लावायला बगळे हवेत,
हरिपूरच्या संगमावरून उठणारे.
"तू काय, घरचीच.
सांग किती ते, लाजू नकोस," म्हणाले,
आणि माझी जीभ
त्यांच्याच खुर्चीत बसल्यासारखी बधिर.

रात्री वहीत मांडलं:
कागद नि छपाई दोनशे दहा,
फ्रेम चारशे ऐंशी,
कोल्हापूरच्या लॅबला जाऊन-येऊन एसटी, अर्ध्या तिकिटात, सत्तर.
सातशे साठ.
त्याखाली लिहिलं, सोळा पहाटा.
सोळा वेळा साडेचारचा गजर,
चिंचांखालचा तो काळाकुट्ट रस्ता,
पंधरा वेळा नुसतंच पाणी.
पुढची जागा कोरीच ठेवली.
आईची दाढ त्यांनी पैसे न घेता काढली होती,
ते कुठल्या बाजूला मांडायचं?

उमेशभावजींना वास्तुशांतीला तीन फोटो दिले.
मी म्हटलं, "राहू द्या हो."
त्यांनी राहू दिलं.
आता त्यांच्या हॉलमध्ये गेले की
चहा मला जरा जास्तच गोड लागतो.

शमशादनं उलट केलं.
पहिलीपासून एका बाकावरची,
न विचारता पाकीट ठेवलं, कोऱ्या नोटा, पुरेपूर.
बरं वाटायला हवं होतं.
पण त्या पाकिटानं मला उचलून
काउंटरच्या पलीकडे नेऊन ठेवलं,
आणि ती अलीकडून म्हणाली, "पावती नको गं."

मग सातव्वा आली.
इराप्पाचा फोटो मागायला.
हरिपुरात पेवातून वर येताना टिपलेला,
पापण्यांपर्यंत पिवळा,
तोंडात हसू की धाप, अजून ठरत नाही.
माणूस जाऊन चार महिने झाले.
मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळू लागले.
"किती?"
"काही नको, मावशी."
ती चिडलीच.
"फुकट न्यायला त्यो काय कॅलेंडर हाय व्हय?"

आणि तिनं पदर ओढला,
माझा हात धरला, त्याच्याखाली घेतला.
पेठेबाहेर चहा विकत तिनं तीस वर्षं हे पाहिलेलं,
मी बाबांच्या मांडीवर.
वर ती नातीच्या दहावीबद्दल बोलत होती,
गणित कच्चं आहे म्हणत होती.
खाली मी दोन बोटं दाबली.
तिनं नकार दिला.
माझं तिसरं बोट तिनंच उघडलं,
मग चौथं,
एकेक,
जशी गाठ सोडवतात.
चौथ्यावर मी हात घट्ट केला, पुरे म्हणून.
ती ऐकेना.

तिचा नि माझा भाव काय ठरला
ते मी इथे लिहिणार नाही.
दोन हप्त्यांत आला. दुसऱ्यासोबत कपभर गूळही.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन.
"अगं, तू आकडा सांगितलाच नाहीस."
मी वही उघडली.
फोनला पदर नसतो, रुमाल नसतो,
हवापाण्याचं बोलावं तर हवा नुसती कोरडी.
कोऱ्या जागेवर पेन टेकवलं
आणि म्हटलं,
"सतराशे साठ."

पलीकडे कुणाच्या तरी दातावरचं मशीन
थांबल्यासारखं वाटलं.
मी "पण" म्हणाले नाही.
जीभ दातांमागे धरून
थांबले,
जशी संगमावर थांबते.